बेघरांची जनावरे आणि निवाऱ्याचे दार

डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाने कुत्रे किंवा मांजर सांभाळावे, ही गोष्ट शहरातल्या लोकांना हृद्यही वाटते आणि बेजबाबदारपणाचीही वाटते, आणि या दोन्ही प्रतिक्रिया त्या माणसाला बहुधा एकाच फुटपाथवर, एकाच दिवसात झेलाव्या लागतात. कोणी कुत्र्यासाठी बिस्किटाचा पुडा ठेवून जाते, तर कोणी ‘स्वतःच्या पोटाची भ्रांत, त्यात मुक्या जिवाचे हाल कशाला’ असे सुनावून जाते. अशा माणसांना त्यांची जनावरे पोसायला आणि जपायला समाजाने मदत कशी केली आणि ती कुठे तोकडी पडते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. या मदतीत अन्न हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत अधिक केला जाणारा भाग आहे. खरी अडवणूक दारापाशी होते, म्हणजे निवारागृहाच्या, दवाखान्याच्या, कचेरीच्या, सार्वजनिक शौचालयाच्या दाराशी, जिथे माणसाला आत घेतात आणि जनावराला बाहेर ठेवायला सांगतात, आणि जनावर बाहेर कोणाकडे ठेवायचे याचे उत्तर एकट्या माणसाजवळ नसते, असे येथील प्रतिपादन आहे.

आरंभी दोन संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. भारतीय जनगणनेच्या व्याख्येनुसार जे कुटुंब इमारतीत किंवा घर म्हणून मोजलेल्या जागेत राहत नाही, तर उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहते, ते बेघर कुटुंब. २०११ च्या जनगणनेत असे सुमारे १७ लाख ७० हजार लोक देशात आणि त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात मोजले गेले. झोपडीत राहणारा या हिशेबात बेघर नाही. ब्रिटनमध्ये मात्र ही संज्ञा बरीच ऐसपैस आहे, कारण तिथे वसतिगृहात किंवा मित्राच्या सोफ्यावर दिवस काढणाराही बेघरच मानला जातो आणि रस्त्यावर झोपणारे हा त्यातला एक लहान, पण डोळ्यांत भरणारा गट असतो. दुसरी संज्ञा ‘सोबतीचा प्राणी’ ही होय. ज्याच्याकडून दूध, अंडी, ओझे वाहणे किंवा खेळ करून पैसे मिळवणे यांपैकी कशाचीही मुख्य अपेक्षा नसते आणि जो सहवासासाठी सांभाळला जातो, तो सोबतीचा प्राणी. महाराष्ट्राला जनावरासह पालावर राहणारी माणसे नवीन नाहीत. नंदीवाले, मदारी, दरवेशी, मेंढरांमागे फिरणारे धनगर या सर्वांचे जनावर हे पोटाचे साधन होते किंवा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दरवेशाचे अस्वल व मदाऱ्याचे माकड गेले तेव्हा त्यांच्या पोटाचे काय झाले, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. येथे मुख्यतः फुटपाथवरच्या कुत्र्या-मांजरांचा विचार केला आहे, तरी ही रेघ पक्की नाही हेही नोंदवले पाहिजे, कारण रात्री उघड्यावर झोपणाऱ्या बाईच्या उशाशी बसलेले कुत्रे तिची सोबत असते तसेच तिची राखणही असते, आणि अनोळखी पाऊल जवळ आले की ते भुंकते यासाठीच तिने स्वतःच्या घासातला घास त्याला दिलेला असतो.

गरिबाच्या जनावराला वैद्यकीय मदत द्यावी ही कल्पना संस्थेच्या रूपाने ठळकपणे पुढे आली ती लंडनच्या ईस्ट एंडमध्ये. मारिया डिकिन या बाईंनी पहिले महायुद्ध चालू असताना, १७ नोव्हेंबर १९१७ रोजी, व्हाइटचॅपल भागातल्या एका तळघरात गरिबांच्या आजारी जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. पीडीएसए या आद्याक्षरांनी आज ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे हे मूळ असून तिच्या जुन्या पूर्ण नावात ‘गरिबांच्या आजारी प्राण्यांसाठी’ असे स्पष्ट म्हटलेले होते. त्या काळी ईस्ट एंड ही दाटीवाटीची, गोदी-कामगारांची आणि फेरीवाल्यांची वस्ती होती. तिथे गाढव हे गाडी ओढण्यासाठी, मांजर उंदरांसाठी आणि कुत्रे कशासाठी हे सांगता येणार नाही अशा रीतीने घरोघरी असे, आणि खरजेने अंग सोललेली कुत्री गटारापाशी उष्टे चिवडताना दिसत. डिकिनबाईंनी पुढे घोड्याच्या गाडीवर फिरता दवाखानाही सुरू केला. त्यांच्या कामाला नोंदणीकृत पशुवैद्यांचा विरोध झाला, कारण उपचार करणारे सगळेच पदवीधर नव्हते. हा विरोध केवळ धंद्याच्या मत्सरातून होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण अर्धवट शिकलेल्या हाताने दिलेला उपचार जनावराला महागात पडू शकतो. पण पदवीधर पशुवैद्याची फी ज्याला परवडत नाही त्याने काय करावे, या प्रश्नाला त्या विरोधाजवळ उत्तर नव्हते. दान म्हणून मिळणारी दुय्यम दर्जाची सेवा आणि पैसे मोजून मिळणारी चांगली सेवा यांतली ही ओढाताण शंभर वर्षांनंतरही संपलेली नाही.

पुढे या दानाला नियमांची चौकट आली आणि तिच्यातून एक विचित्र परिणाम निघाला. मोफत उपचार खऱ्या गरजूलाच मिळावेत म्हणून संस्थेने पात्रता ठरवली. बराच काळ ती पात्रता प्रामुख्याने दोन गोष्टींवर उभी होती, एक म्हणजे सरकारकडून घरभाड्यासाठी मिळणारे साहाय्य किंवा स्थानिक करातली सवलत, आणि दुसरी म्हणजे दवाखान्याच्या हद्दीतला राहता पत्ता. भाड्याचे घर असलेला गरीब त्यात बसत होता; घरच नसलेल्याला घरभाड्याचे साहाय्य मिळत नाही आणि पत्ताही नसतो, तेव्हा जो सर्वांत गरीब तोच या व्यवस्थेच्या काठावर पडला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. गरिबी मोजण्याचे माप घराशी बांधलेले असले की बेघर माणूस त्या मापातून आपोआप गळतो, इतकाच त्याचा अर्थ. एप्रिल २०१६ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवणे सक्तीचे झाले तेव्हाही हाच पेच उभा राहिला. चिपमध्ये फक्त एक क्रमांक असतो. तो क्रमांक नोंदवहीत मालकाच्या नावाशी आणि पत्त्याशी जोडलेला असेल तरच हरवलेले कुत्रे परत मिळते, आणि ज्याचा पत्ता रोज बदलतो त्याला एखाद्या संस्थेचा किंवा वसतिगृहाचा पत्ता उसना घ्यावा लागतो.

या गळतीला दिलेले उत्तर म्हणजे रस्त्यावर जाणारा पशुवैद्य. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो शहरात डेव्हिस विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९९२ पासून बेघरांच्या प्राण्यांसाठी मर्सर क्लिनिक चालवले, आणि ते बेघरांना जेवण देणाऱ्या केंद्रालगत ठेवले, म्हणजे माणूस जिथे रोज येतो तिथेच त्याच्या कुत्र्याची तपासणी व्हावी. कोलोरॅडोत २०१५ मध्ये ‘स्ट्रीट डॉग कोअलिशन’ उभी राहिली, आणि २०१६ मध्ये लंडनमध्ये जेड स्टॅट आणि सॅम जोसेफ या पशुवैद्यांनी ‘स्ट्रीटव्हेट’ सुरू केली, जिचे स्वयंसेवक पाठीवरच्या पिशवीत औषधे घेऊन ठरलेल्या वारी ठरलेल्या ठिकाणी उभे राहतात. या तपासणीचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. टेबल नसते, म्हणून पशुवैद्य फरशीवर गुडघे टेकून बसतो. कुत्रे मालकाच्या मांडीत डोके घालून असते. कान, दात, पंजांच्या बोटांमधल्या फटी, शेपटीच्या मुळाशी पिसवांची काळी भुकटी असे एकेक पाहिले जाते, वजनाच्या अंदाजाने जंताची गोळी दिली जाते, लस टोचली जाते, आणि या सगळ्या वेळात बोलणे चालू असते ते कुत्र्याविषयी. स्वतःच्या खोकल्याबद्दल किंवा पायाच्या जखमेबद्दल जो माणूस कोणत्याही डॉक्टरला काही सांगत नाही, तो कुत्र्याच्या जुलाबाचा सविस्तर वृत्तान्त देतो, आणि म्हणून काही ठिकाणी पशुवैद्याबरोबर माणसांची परिचारिकाही ठेवतात. जनावराच्या वाटेने माणसापर्यंत पोहोचण्याची ही युक्ती आहे, आणि ती मालकाला समजत नाही असेही नाही. त्याला ती चालते, कारण तिच्यात त्याला रोगी म्हणून नव्हे, तर कोणाचा तरी सांभाळ करणारा म्हणून बोलता येते.

अन्नाच्या बाबतीत फार बोलण्याचे कारण नाही, तरी चुकीच्या रीतीने दिलेले दान कसे वाया जाते हे सांगितले पाहिजे. पंधरा किलोची कोरड्या खाण्याची गोणी देणाऱ्याला उदार वाटते, पण सगळा संसार पाठीवर घेऊन फिरणाऱ्याला ती उचलता येत नाही, पावसात ती भिजते, उघडी राहिली की उंदीर येतात; म्हणून जाणत्या संस्था गोणी फोडून दोन-तीन दिवसांच्या पिशव्या बांधतात. डबाबंद खाणे दिले तर डबा उघडण्याचे साधन लागते आणि उरलेले ठेवायला शीतकपाट नसते. कुत्र्याला चॉकलेट, मनुका व द्राक्षे, कांदा ही माणसाची खाणी विषारी ठरू शकतात, आणि वाटसरूंनी प्रेमाने दिलेल्या पुडक्यांत नेमके तेच असते. मुंबईत हा प्रकार निराळा आहे. तिथे ग्लुकोजची बिस्किटे हे फुटपाथवरच्या कुत्र्याचे जवळजवळ मुख्य अन्न झाले आहे, कारण ती सर्वत्र मिळतात, स्वस्त असतात आणि खिशात राहतात, पण साखर आणि मैदा यांच्यावर कुत्र्याचे पोट भरते, पोषण होत नाही. जे लोक नियमाने खाऊ घालतात ते कोंबडीच्या दुकानातून पाय आणि माना स्वस्तात आणून भाताबरोबर शिजवतात. हा भात बेघर माणूसही शिजवू शकला असता. त्याच्याजवळ चूल मांडायला जागा नाही आणि चूल मांडली तर ती उचलून नेणारी गाडी येते, एवढाच काय तो अडसर आहे.

बेघर माणूस जनावराचे हाल करतो का, या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ लेस्ली आयर्विन यांनी अमेरिकेतील अनेक शहरांत अशा माणसांच्या मुलाखती घेऊन २०१३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. ‘माझे कुत्रे नेहमी आधी जेवते’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक मुलाखतींतून वारंवार आलेल्या विधानावरून घेतलेले आहे. आयर्विन यांचे निरीक्षण असे, की ही माणसे चांगल्या मालकीची व्याख्याच नव्याने मांडतात: घर आणि अंगण देणारा, पण दिवसाचे दहा तास कुत्र्याला एकटे कोंडून ठेवणारा मालक चांगला, की चोवीस तास त्याच्याजवळ असणारा चांगला, असा त्यांचा उलटप्रश्न असतो. त्यात स्वतःच्या प्रतिष्ठेचे रक्षण आहे हे उघड आहे, कारण रस्त्यावरचे लोक त्यांना टोमणे मारतात, कोणी कोणी तर कुत्रे विकत मागतात, जणू गरिबाची प्रत्येक वस्तू विक्रीलाच असते. पण एखादे विधान प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी केले म्हणून ते खोटे ठरत नाही. ब्रिटनमधील विल्यम्स आणि हॉग यांच्या २०१६ च्या तुलनात्मक पाहणीत बेघरांची कुत्री घरातल्या कुत्र्यांपेक्षा कमी लठ्ठ आढळली, आणि अनोळखी माणसावर धावून जाणे किंवा मालक दूर गेल्यावर कासावीस होणे या तक्रारीही त्यांच्यात कमी होत्या. लॉस एंजेलिसमधील ३९८ बेघर तरुणांच्या पाहणीत, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे २३ टक्क्यांजवळ पाळीव प्राणी होते. त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी दिसली, पण त्यांतल्या अनेकांनी हेही सांगितले, की प्राण्यामुळे निवारागृहात राहणे किंवा डॉक्टरकडे जाणे अवघड होते.

हे निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी ते जपून वापरले पाहिजेत. अशा पाहण्यांत सापडतात ती कुत्री बहुधा त्या मालकांची असतात जे दवाखान्यात किंवा मदत केंद्रात येतात आणि प्रश्नांना उत्तरे द्यायला तयार असतात. ज्याचे कुत्रे उपाशी आहे किंवा जो नशेत आहे तो पाहणी करणाऱ्याच्या समोर येतोच असे नाही. रस्त्यावर पिल्ले काढून विकणारे असतात, थंडीत गारठून मेलेली कुत्री असतात, दारूच्या भरात मारलेलीही असतात. पण हे सगळे बंद दारांआडही घडते. फरक इतकाच, की बेघराचे सगळे जगणे उघड्यावर असल्यामुळे त्याची चूक सर्वांना दिसते आणि घरवाल्याची शेजाऱ्यालाही दिसत नाही. तेव्हा गरिबी हा क्रूरतेचा पुरावा मानता येत नाही, आणि तिला वात्सल्याचा पुरावा मानण्याचे भाबडेपणही टाळलेले बरे. जेम्स बोवेन या लंडनच्या रस्त्यावरील गायकाचे बॉब नावाच्या मांजरावरचे २०१२ मधले पुस्तक जगभर खपले, २०१६ मध्ये त्यावर चित्रपट निघाला, आणि मांजराने माणसाला व्यसनातून बाहेर काढले अशी त्याची ओळख झाली. वाचकांच्या सहसा ध्यानात राहत नाही ते असे, की मांजर भेटले तेव्हा बोवेन यांच्याजवळ साहाय्यित निवासातली एक खोली होती आणि मांजराच्या जखमेसाठी मोफत उपचार करणाऱ्या धर्मादाय संस्था शहरात होत्या. मांजराने जे केले ते खोलीच्या आणि दवाखान्याच्या आधाराने केले.

येथून दाराच्या प्रश्नाकडे वळता येते. बहुतेक निवारागृहे प्राणी घेत नाहीत, आणि ज्याला कुत्रे सोडायचे नाही तो बाहेर राहतो. मग व्यवस्था त्याच्याविषयी लिहिते, की त्याने निवारा नाकारला. महाप्रस्थानिक पर्वातला युधिष्ठिर इथे कोणालाही आठवेल, जो स्वर्गाच्या दाराशीही बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडायला तयार झाला नाही. पण त्या कथेत कुत्रा अखेर साक्षात धर्म निघतो आणि पेच मिटतो, तर निवारागृहाच्या व्यवस्थापकासमोरचा कुत्रा शेवटपर्यंत कुत्राच राहतो, त्याच्या अंगावर गोचिड्या असतात, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कुत्र्यांची धास्ती असते, आणि कोणाला चावला तर भरपाई कोण देणार हा प्रश्न असतो. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या पैशाने आणि आखणीने सुटणाऱ्या आहेत. धुता येईल अशी फरशी, खाटेलगत मावणारा पिंजरा, आवारात बांधण्याची आडोशाची जागा, दारातच लस टोचण्याची सोय, आणि विमा. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ च्या अर्थसंकल्पात निवारागृहांना प्राण्यांची जागा, खाणे आणि प्राथमिक उपचार यांसाठी ५० लाख डॉलर ठेवले, तेव्हा त्या खर्चाच्या बाबींत कर्मचारी आणि अपघाताच्या जबाबदारीचा विमा यांचाही समावेश होता. दयेचा विषय अंदाजपत्रकात गेला की त्याचे हे असे रुक्ष रूप होते, आणि ते रूप आले की समजावे, कोणीतरी काम खरोखर मनावर घेतले आहे.

आपत्तीच्या वेळी मात्र हे दार याआधीच उघडले गेले होते. २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या परिसरातले अनेक लोक घर सोडायला तयार झाले नाहीत, आणि बचाव पथकांनी प्राणी मागे ठेवायला लावल्याची दृश्ये देशभर पाहिली गेली. पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकेत कायदा होऊन स्थलांतराच्या सरकारी योजनांत पाळीव प्राण्यांची सोय विचारात घेणे आवश्यक ठरले. महाराष्ट्रातही ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात पाणी उंबऱ्याला लागले तरी गोठ्यातली जनावरे सोडून निघायला अनेक शेतकरी तयार नव्हते, आणि त्यांना कोणी आडमुठे म्हटले असले तरी बेजबाबदार म्हटले नाही. पुराने बेघर झालेल्याची जनावरावरची माया समाजाला समजते. कर्जाने, आजाराने, घरच्या मारहाणीने किंवा बुलडोझरने बेघर झालेल्याची तीच माया मात्र चैन वाटते. या दुजाभावाला एकच कारण संभवते, ते म्हणजे पहिल्याचे बेघर होणे तात्पुरते आणि निर्दोष मानले जाते व दुसऱ्याचे त्याच्या कर्माचे.

मुंबईचा विचार करताना जुना इतिहास उपयोगी पडतो. १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने माणसाळलेली, पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागल्यावर जून महिन्यात फोर्टमध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली, आणि तिच्या पाठोपाठ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. कोणते कुत्रे कोणाचे आणि कोणते कोणाचेच नाही, हे शिपायाने एका नजरेत ठरवायचे हा त्या वेळचा पेच आजच्या कायद्यातही शिल्लक आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३, प्राण्यांचे पाळीव आणि रस्त्यावरचे असे वर्गीकरण करतात. पाळीव कुत्र्याचा पालिकेचा परवाना घ्यायचा तर राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. तो नसलेल्या माणसाचे कुत्रे, मग ते त्याच्याच गोधडीत वाढलेले असो, रस्त्यावरचे ठरते. असे कुत्रे पालिकेची किंवा संस्थेची गाडी उचलून नेते, त्याचे निर्बीजीकरण होते, लस टोचली जाते, ओळखीसाठी कानाला खाच पाडली जाते आणि नियमाप्रमाणे ते उचलले तिथेच परत सोडले जाते. नियम चांगला आहे, आणि कुत्र्याच्या आरोग्याच्या दृष्टीने फुटपाथवरच्या मालकाला तो वरदानच ठरावा. पण मधल्या दिवसांत अतिक्रमणविरोधी पथकाने त्या माणसाला हलवले असेल, तर कुत्रे नियमाप्रमाणे अचूक जागी येते आणि तिथे त्याचे कोणी नसते. अन्नाविषयीही असेच घडते. दिल्लीतील भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, ज्यात इतर राज्यांनाही पक्षकार केले गेले, रस्त्यावर वाटेल तिथे कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई करून त्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले. खाऊ घालणारा घरातून डबा घेऊन येतो असे यात गृहीत आहे. ज्याचे स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि बिछाना हे सगळे रस्त्यावरच आहे, त्याने ताटातली अर्धी चपाती कुत्र्याला दिली तर ते घरातले जेवण की रस्त्यावरचे खाऊ घालणे, याचा निर्णय करणे सोपे नाही.

वास्तविक सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा माणूस शहराला उपयोगाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश भारतात होतात, आणि रेबीजचा फैलाव थांबवायचा तर कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना लस टोचलेली असावी लागते. या कामातला सर्वांत कष्टाचा भाग लस नव्हे, पकडणे हा आहे. जाळी घेऊन आलेल्या माणसांना पाहताच कुत्री पांगतात आणि दरवर्षी अधिक हुशार होत जातात. उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या कुटुंबाची तीन-चार कुत्री मात्र हाकेसरशी येतात, मुलाच्या मांडीवर पडून सुई टोचून घेतात, आणि पुढच्या वर्षी ती कुठे असतील हेही त्या मुलाला ठाऊक असते. लसीकरण करणाऱ्या पथकांना या माणसांची ओळख असते आणि ती कामापुरती वापरलीही जाते. पण ती कागदावर कुठेही नाही, कारण उचललेल्या कुत्र्याच्या नोंदीत जागा, लिंग, रंग, तारीख असते, आणि ‘हे कुत्रे कोणाचे ऐकते’ असा रकाना नसतो. असा रकाना घालायला नवा कायदा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. तो असेल तर गाडी कुत्रे परत आणते तेव्हा ते रिकाम्या जागी सोडण्याऐवजी माणसाच्या हाती देता येईल, आणि माणूस हलवला गेला असेल तर निदान तो कुठे गेला याची चौकशी करण्याचे काम कोणाच्या तरी यादीत चढेल.

निवाऱ्याच्या बाबतीत राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या योजनेत एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा असा दंडक घालून दिला होता, आणि मोठ्या शहरांत तो पुरा पाडण्यातच पालिकांची दमछाक होते. अशा स्थितीत जनावरांची मागणी पुढे केली तर आधी माणसांचे बघा हे उत्तर ठरलेले आहे. हे उत्तर वरवर पाहता न्याय्य दिसते, मात्र ते माणूस आणि जनावर वेगळे करता येतात असे धरून चालते. ज्या बाईने चार वर्षे एका कुत्रीच्या भरवशावर रात्री काढल्या, तिच्यासाठी ‘आधी माणसांचे’ याचा अर्थ त्या कुत्रीला फाटकाबाहेर बांधून आत झोपणे असा होतो, आणि ती ते करत नाही. तिच्यासाठी नवी इमारत बांधण्याची आवश्यकता नाही. असलेल्या निवाऱ्याच्या आवारात, पावसाचे पाणी साचत नाही अशा कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा, साखळीसाठी चार कड्या, पाण्याचे भांडे, महिन्यातून एकदा पशुवैद्याची फेरी आणि रात्रपाळीच्या राखणदाराला कुत्र्याजवळ कसे जावे याची माहिती, इतके झाले तरी तिच्यापुरते दार उघडते. त्या आडोशाची झाडलोट कोणी करायची आणि पिसवा झाल्या तर फवारणीचा खर्च आरोग्य खात्याने उचलायचा की निवारा चालवणाऱ्या संस्थेने, एवढे मात्र करारनाम्यात आधी लिहून घ्यावे लागेल, कारण अशी व्यवस्था पहिल्या पावसाळ्यात मोडते ती बहुधा याच भांडणावरून.